ख्रिस्त हे आडनाव नव्हे : बायबल आणि त्याभोवतीच्या शब्दांचा गुंता

शब्दवेल्हाळ

मी भाषांतराची कामं करते. मध्यंतरी चित्रकलेच्या इतिहासावरच्या एका लेखात 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' असा शब्द आला. यात काय अवघड, म्हणून 'येशूचा कुमारी मातेपोटी जन्म' असं लिहून पुढे गेले. संपादकांनी लाल खूण करून पान परत पाठवलं. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं, की त्या शब्दाचा येशूच्या जन्माशी थेट संबंधच नाही. तो येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल आहे. मरिया तिच्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासूनच मूळ पापाच्या डागापासून मुक्त होती, असा तो कॅथलिक सिद्धांत. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये तो अधिकृतपणे जाहीर केला. येशूचा कुमारीपोटी जन्म ही निराळी गोष्ट, तिला इंग्रजीत 'व्हर्जिन बर्थ' म्हणतात.

एवढी वर्षं शब्दांवर पोट भरूनही इतका साधा घोळ व्हावा याची लाज वाटली आणि एक वही घातली. त्यातलं थोडं इथे टाकते. चुकत असेल तर कान धरा.

ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही. ती पदवी आहे. हिब्रूत 'माशीआख', म्हणजे ज्याला तेलाने अभिषेक केला आहे तो. राजाला गादीवर बसवताना आणि मुख्य याजकाला पद देताना डोक्यावर तेल ओतत, त्यावरून. त्याचं ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस', आणि आपल्याकडच्या मराठी बायबलात 'मशीहा' नाहीतर 'अभिषिक्त'. म्हणजे 'येशू ख्रिस्त' म्हणजे 'अभिषिक्त येशू'. येशू हे नावही त्या काळी यहुद्यांत अगदी सर्रास ठेवलं जाई. मूळ येशुआ, त्याचं ग्रीकमध्ये येसूस, लॅटिनमध्ये येसुस, इंग्रजीत जीझस. बायबलाच्या पहिल्या भागातला, म्हणजे जुन्या करारातला यहोशवा आणि दुसऱ्या भागातला, नव्या करारातला हा येशू, मुळात नाव एकच!

येशूची कहाणी सांगणाऱ्या पुस्तकांना 'शुभवर्तमान' म्हणतात. हा ग्रीक 'एवांगेलियोन'चा अगदी शब्दशः तर्जुमा, चांगली बातमी. 'प्रेषित' आणि 'शिष्य' यांत मी गल्लत करायचे. शिष्य म्हणजे शिकणारा, प्रेषित म्हणजे निरोप देऊन पाठवलेला. बारा जण दोन्ही होते. पण नव्या करारातली पत्रं लिहिणारा पौल स्वतःला प्रेषित म्हणवतो, आणि तो येशू हयात असताना त्याच्या शिष्यांत कधीच नव्हता.

आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, 'करार'. इंग्रजीत 'टेस्टमेंट' म्हटलं की मृत्युपत्र आठवतं, आणि ते उगीच नाही. हिब्रू शब्द 'बरीथ', म्हणजे दोन पक्षांतला करारमदार. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'दियाथेके' केलं, ज्याचा रोजच्या ग्रीकमधला अर्थ मृत्युपत्र. लॅटिनमध्ये त्याचं झालं 'टेस्टामेंटुम'. तिथून इंग्रजी. मराठीने मात्र अरबीतून आलेला 'करार' उचलला आणि नकळत थेट हिब्रूच्या शेजारी जाऊन बसली. मला तर हे वाचून उड्या माराव्याशा वाटल्या.

आता माझा प्रश्न. हे पुस्तक नेमकं लिहिलं कोणी, आणि एका बाडात बांधलं कोणी? जेवढं वाचते तेवढा गोंधळ वाढतो.

रेघोट्या

धागा आवडला. मी आजवर ख्रिस्त हे आडनावच समजत होतो, खोटं कशाला बोलू.

उलटतपासणी

बांधलं कोणी याचं उत्तर सोपं आहे. ३२५ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या नायसियाला बिशपांची सभा बोलावली, तिथे मतदान झालं, सोयीची पुस्तकं ठेवली आणि गैरसोयीची जाळली. राजकारण आहे हो सगळं.

टाकबोरू

उलटतपासणी, हे इतक्या ठिकाणी इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की तुम्हाला दोष देत नाही. पण नायसियाच्या सभेत बायबलात कोणती पुस्तकं असावीत हा विषय ठरल्याची कुठलीही समकालीन नोंद नाही. सभेने काढलेले २० नियम उपलब्ध आहेत, श्रद्धापत्रिका उपलब्ध आहे, हजर असलेल्या लोकांचं लेखन उपलब्ध आहे. त्यात पुस्तकांच्या यादीचा ठराव नाही.

सभा भरली ती आरियस नावाच्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या धर्मगुरूमुळे. त्याचं म्हणणं, पुत्र म्हणजे येशू हा पित्याने म्हणजे देवाने निर्माण केलेला आहे, म्हणजे तो नव्हता असाही एक काळ होता. विरोधकांचं म्हणणं, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. त्यासाठी 'होमोऊसियोस' हा शब्द वापरला गेला आणि गंमत म्हणजे तो शब्द बायबलात कुठेच नाही. शेवटी सही न करणारे बिशप उरले फक्त दोन. म्हणजे राजकारण नव्हतं असं मी म्हणतच नाही. सम्राट स्वतः हजर होता, त्याला साम्राज्यात एकी हवी होती. पण भांडण पुस्तकांवरून नव्हतं.

मग ही दंतकथा आली कुठून? 'सिनोदिकॉन वेतुस' नावाच्या, सुमारे नवव्या शतकातल्या एका ग्रीक संग्रहात अशी गोष्ट आहे की नायसियाच्या बिशपांनी सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवली आणि प्रार्थना केली. खरी होती ती वर आली, खोटी होती ती खालीच राहिली. घटनेनंतर पाचशे वर्षांनी लिहिलेला हा चमत्कार. पुढे अठराव्या शतकात व्हॉल्तेर या फ्रेंच लेखकाने त्याची टिंगल केली आणि टिंगलीतून तो सगळीकडे पोचला. चमत्कार गळून पडला, नायसिया तेवढं राहिलं.

उलटतपासणी

बरं. मग यादी केली कोणी? आकाशातून तर पडली नाही ना.

टाकबोरू

नाही पडली. आणि एका दिवसात झालीही नाही. मोठं लिहावं लागेल, चहा घेऊन बसा.

आधी जुना करार. तो म्हणजे मूळ यहुद्यांचा ग्रंथसंग्रह, आणि त्याला ते 'जुना' म्हणत नाहीत, 'तनाख' म्हणतात. तोरा, नविईम म्हणजे संदेष्टे, कतुविम म्हणजे इतर लेखन, या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून तो शब्द. त्यांच्या मोजणीत पुस्तकं २४, प्रोटेस्टंटांच्या मोजणीत ३९, आणि मजकूर तोच. आपण शमुवेल, राजे वगैरेंचे दोन-दोन भाग करतो, बारा छोटे संदेष्टे वेगळे मोजतो, म्हणून आकडा फुगतो. भाषा हिब्रू, दानीएल आणि एज्राच्या काही भागात अरामी.

कोणी लिहिलं? परंपरेने पहिली पाच पुस्तकं मोशेची. पण पाचव्याच्या शेवटी मोशेच्या मृत्यूचं आणि दफनाचं वर्णन आहे, हे जुन्या यहुदी पंडितांच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. आधुनिक अभ्यासकांना त्यात वेगवेगळ्या काळचे, वेगवेगळ्या हातांचे धागे दिसतात. मराठी बायबल जवळ असेल तर उत्पत्ती हे पहिलं पुस्तक उघडा. पहिल्या अध्यायात सृष्टी निर्माण करतो तो 'देव'. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीपासून एकदम 'परमेश्वर देव' सुरू होतो, आणि गोष्टही पुन्हा नव्याने सुरू होते. पहिल्या गोष्टीत प्राणी आधी, माणूस शेवटी, स्त्री-पुरुष एकदम. दुसरीत आधी पुरुष, मग झाडं आणि प्राणी, मग स्त्री. शिवण उघड दिसते. इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या फौजेने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना बंदिवासात नेलं. हा ग्रंथ आजच्या रूपाच्या जवळ यायला त्या बंदिवासाचा आणि त्यानंतरच्या काळाचा मोठा हात आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. देश गेला, मंदिर गेलं, उरलं ते लिहिलेलं.

मग इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोराचं ग्रीक भाषांतर झालं, बाकीची पुस्तकं पुढच्या काळात. आख्यायिका अशी की ७२ पंडितांनी ते केलं, म्हणून त्याचं नाव 'सेप्टुआजिंट', म्हणजे सत्तर. दोन कुठे गेले विचारू नका. या ग्रीक संग्रहात हिब्रूत नसलेली काही जास्तीची पुस्तकं होती. ते लक्षात ठेवा, पुढे भांडण त्याच्यावरूनच आहे.

आता नवा करार. इथे लोकांना धक्का बसतो तो क्रमाचा. पुस्तकात आधी मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं येतात, पण लिहिली गेली आधी पौलाची पत्रं. थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५० च्या आसपासचं. मार्क त्यानंतर, ७० च्या जवळपास. मत्तय आणि लूक मार्क समोर ठेवून लिहितात, योहान शेवटी. पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत, त्यातली ७ त्याचीच याबद्दल फारसा वाद नाही. पत्रं म्हणजे अक्षरशः पत्रं. एका मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात भांडणं लागली, दुसरीत कोणी भलतंच शिकवून गेलं, म्हणून लिहिलेली. आपण पुढे धर्मग्रंथ होणार आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

अशी सुटी पत्रं, सुटी शुभवर्तमानं हातोहात नकलून गावोगाव फिरत होती. कुठे वीस, कुठे पंचवीस. याद्या करायची वेळ आणली ती मार्सियन नावाच्या माणसाने. तो म्हणाला जुना करार टाकून द्या, तो देव वेगळा. फक्त लूकचं काटछाट केलेलं शुभवर्तमान आणि पौलाची १० पत्रं ठेवा. रोमच्या मंडळीने त्याला साधारण १४४ साली बाहेर काढलं. पण त्याने यादी केल्यावर बाकीच्यांनाही आपली यादी काय ते सांगणं भाग पडलं.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियस हा इतिहासकार सरळ गट पाडून लिहितो, ही सर्वमान्य, ही वादग्रस्त, ही बनावट. वादग्रस्तांत याकोब, यहूदा, दुसरं पेत्र, दुसरं आणि तिसरं योहान. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाबद्दल तर त्याचं स्वतःचंच ठरत नव्हतं. आज आपल्याकडे आहेत तीच २७ पुस्तकं, कमी नाही जास्त नाही, अशी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने ईस्टरनिमित्त लिहिलेल्या पत्रात. मग ३९७ च्या कार्थेजच्या सभेने तीच मान्य केली. तरीही सिरियातल्या मंडळ्या बराच काळ २२ पुस्तकांवर चालत होत्या.

म्हणजे उलटतपासणी, तुमच्या 'कोणी'ला एकवचनी उत्तर नाही.

मौनी

साठवून ठेवलं. आभार.

उलटतपासणी

नायसिया मागे घेतो. पण एक मुद्दा सोडत नाही. बाहेर ठेवलेली पुस्तकं बाहेर कशी राहिली? थॉमसचं, मरियेचं, यहूदाचं शुभवर्तमान. दाबलीच ना?

टाकबोरू

काही दाबली, हे खरं. अथानासियसच्या त्याच पत्रात असली पुस्तकं वाचू नका असं स्पष्ट आहे. इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ मध्ये मातीच्या रांजणात तेरा ग्रंथ सापडले, त्यात थॉमस होतं. ते पुरलं जाण्याचा या पत्राशी संबंध असावा असा एक तर्क आहे, पण तो तर्कच.

मात्र बरीचशी पुस्तकं आपोआप मागे पडली, कारण ती कोणी नकलून घेतली नाहीत. हस्तलिखितांच्या जगात ज्याची नक्कल होत नाही ते मरतं. आणि 'बाहेर' म्हणजे नेहमी 'निषिद्ध' असंही नव्हे. 'हर्मासचा मेंढपाळ' हे पुस्तक इतकं लोकप्रिय होतं की चौथ्या शतकातल्या सिनाई प्रतीत ते नव्या करारापाठोपाठ बांधलेलं आहे. वाचा, पण मंडळीत जाहीर वाचन नको, असा मधला दर्जा होता.

सांजवात

सिनाई प्रत म्हणजे काय? आणि सगळ्यात जुना कागद कोणता, हे कोणी सांगेल का?

टाकबोरू

कागद नाही, पपायरस आणि चामडं. नव्या कराराचा सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा तुकडा मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. तळहातापेक्षा लहान, साधारण ९ बाय ६ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. योहानाच्या अठराव्या अध्यायातले काही शब्द. रोमन अधिकारी पिलात येशूची चौकशी करतो तो प्रसंग. काळ बहुधा दुसरं शतक. दोन्ही बाजूंनी लिहिलेला हे महत्त्वाचं, कारण म्हणजे ती गुंडाळी नव्हती, पानं शिवलेलं पुस्तक होतं. ख्रिस्ती मंडळींना गुंडाळीपेक्षा पुस्तकाचा आकार फार लवकर आवडला.

सिनाई प्रत म्हणजे सिनाई डोंगराच्या पायथ्याच्या सेंट कॅथरीन मठात मिळालेलं चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल. टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने १८४४ मध्ये त्यातली ४३ पानं नेली, १८५९ मध्ये उरलेल्यातली बहुतेक. पानं जाळायच्या टोपलीत पडली होती असं तो सांगतो, मठाला हे अजिबात मान्य नाही. ते बाड रशियाच्या झारकडे गेलं. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ते १,००,००० पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकलं.

हिब्रूच्या बाजूला तर आणखी नाट्य. पूर्ण हिब्रू बायबलाची हाती असलेली सर्वांत जुनी प्रत इ.स. १००८ च्या सुमाराची होती. १९४७ च्या आसपास मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या. त्यात यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची अख्खी गुंडाळी, सात मीटरहून लांब, हजारएक वर्षांनी जुनी. ताडून पाहिलं तर स्पेलिंगचे आणि बारीकसारीक शब्दांचे फरक पुष्कळ, पण पुस्तक तेच. दुसऱ्या काही पुस्तकांच्या बाबतीत मात्र मजकूर बराच वेगळा निघाला. त्यामुळे 'अक्षरही बदललं नाही' म्हणणारे आणि 'सगळं बदललं' म्हणणारे, दोघांचीही पंचाईत झाली.

खारीचावाटा

मी जन्माने ख्रिस्ती, त्यामुळे हे शब्द कानावरून गेलेले. पण टाकबोरूंनी लिहिलं त्यातलं अर्धं मलाही नवीन आहे, ते आधी कबूल करते.

शब्दवेल्हाळ, तुमच्या वहीत एक भर घाला. 'कॅथलिक' म्हणजे मुळात 'सार्वत्रिक', 'ऑर्थोडॉक्स' म्हणजे 'योग्य मताचा'. दोघंही स्वतःला दोन्ही समजतात, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. १०५४ हे साल फुटीचं म्हणून शिकवतात, पण ती फूट शतकानुशतकं चालली होती. 'प्रोटेस्टंट' हे नाव जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधल्या प्रबंधांतून आलं नाही. १५२९ मध्ये श्पायरच्या राजसभेत त्याच्या बाजूच्या जर्मन राजांनी आणि शहरांनी निषेध नोंदवला, त्यावरून आलं.

आणि पुस्तकांच्या संख्येवरून भांडू नका. टाकबोरूंनी म्हटलेली ग्रीक संग्रहातली जास्तीची पुस्तकं, तोबित, यहूदिथ, मक्काबी वगैरे, कॅथलिक बायबलात आहेत, म्हणून तिथे ७३. ल्यूथरने ती हिब्रूत नाहीत म्हणून वेगळी काढून मध्ये ठेवली, पुढे प्रोटेस्टंट छपाईतून ती गळलीच, म्हणून ६६. कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या सभेत आपली यादी पक्की केली. इथिओपियाच्या मंडळीत ८१ मोजतात. नवा करार या पहिल्या दोघांतही २७ चाच.

रेघोट्या

ल्यूथरला नव्या करारातलं काही खटकलं नाही का?

खारीचावाटा

खटकलं की! याकोबाच्या पत्राला तो 'गवताचं पत्र' म्हणाला, कारण त्यात कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असं लिहिलंय आणि ल्यूथरचा सगळा भर विश्वासावर. इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार त्याने उचलून शेवटी नेऊन ठेवली. पण काढली नाहीत.

सांजवात

त्रैक्य म्हणजे आपल्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखं का? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा?

खारीचावाटा

नाही, आणि ही तुलना ऐकली की आमचे धर्मगुरू डोक्याला हात लावतात. तीन देव नाहीत, एका देवाची तीन रूपं किंवा तीन खाती पण नाहीत. तत्त्व एक, व्यक्ती तीन. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, पण तिघंही देव आणि देव एकच. समजलं नाही ना? चालतंय, समजायला अवघड आहे म्हणूनच चारशे वर्षं वाद झाला.

टाकबोरू

'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही. लॅटिन 'त्रिनितास' हा या अर्थाने रुळवला तो कार्थेजच्या तर्तुलियनने, सुमारे २०० साली. कल्पनेची बीजं नव्या करारात आहेत, सूत्र नंतरचं. सूत्राची इतकी ओढ होती की योहानाच्या पहिल्या पत्रात 'पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत' अशा अर्थाची ओळ लॅटिन परंपरेत शिरली. इरास्मस या डच पंडिताने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा जुन्या ग्रीक प्रतींत ती मिळेना म्हणून गाळली. केवढा गहजब झाला. १५२२ च्या आवृत्तीत त्याने ती घातली. आजच्या बहुतेक भाषांतरांत ती नाही, किंवा तळटीपेत आहे.

शब्दवेल्हाळ

भाषांतरकारांवर दगड पडण्याची परंपरा जुनी आहे तर. आता माझ्या कामाचं. भाषांतरामुळे झालेल्या गमती कोणाकडे आहेत?

टाकबोरू

माझ्याकडे तीन आहेत.

मोशे सिनाई डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने चमकत होता, असं निर्गम या दुसऱ्या पुस्तकात आहे. हिब्रू क्रियापद 'कारन', आणि त्याच मुळाचा 'केरेन' म्हणजे शिंग. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने त्याचं 'शिंगं फुटलेला' केलं. म्हणून मायकेलॅंजेलोच्या रोममधल्या मोशेच्या डोक्यावर दोन शिंगं आहेत. संगमरवरात कोरलेलं शब्दाचं भाषांतर.

दुसरी. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी वनस्पती जुन्या लॅटिनमध्ये भोपळ्याचा वेल होती. जेरोमने तिथे दुसऱ्याच वेलीचं नाव घातलं. उत्तर आफ्रिकेतल्या एका गावात हे नवं भाषांतर वाचल्याबरोबर लोक खवळले, आणि बिशपवर मंडळीच सोडून जायची वेळ आली. तिकडच्याच ऑगस्टीन या बिशपने पत्र लिहून जेरोमला हे कळवलं आहे. लहानपणापासून ऐकलेला भोपळा काढलात म्हणून दंगा! खरं झाड बहुधा एरंड असावं, ते आणि वेगळंच.

तिसरी गंभीर आहे. यशयाच्या सातव्या अध्यायात 'आल्मा' गर्भवती होईल असं आहे. आल्मा म्हणजे तरुण स्त्री. ग्रीकमध्ये त्याचं 'पार्थेनोस' झालं, म्हणजे कुमारी, आणि मत्तयाने येशूच्या जन्माला तेच ग्रीक वचन लावलं. १९५२ मध्ये अमेरिकेत एका नव्या भाषांतराने यशयात 'तरुण स्त्री' छापलं, तर एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळलं.

उलटतपासणी

म्हणजे कुमारीपोटी जन्म ही निव्वळ भाषांतराची चूक.

टाकबोरू

घाई करताय. लूकही तीच गोष्ट सांगतो आणि तो यशयाचं ते वचन देत नाही. मत्तयाच्या आधी गोष्ट होती की वचनावरून गोष्ट झाली, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही.

रेघोट्या

माझी यादी, बरोबर की चूक सांगा. १) आदाम-हव्वेने सफरचंद खाल्लं. २) बाळ येशूला भेटायला तीन राजे आले. ३) २५ डिसेंबर. ४) 'एक्समस' लिहिणं म्हणजे ख्रिस्ताला काढून टाकणं.

खारीचावाटा

चारही नापास. 'फळ' एवढंच लिहिलंय. लॅटिनमध्ये 'मालुम' म्हणजे वाईटही आणि सफरचंदही, त्या शब्दखेळाने हातभार लावला असेल. भेटायला आले ते मागी, ज्योतिष जाणणारे पूर्वेकडचे ज्ञानी. राजे म्हटलेलं नाही, तीन असंही नाही, भेटी तीन होत्या. तारीख बायबलात कुठेच नाही. आणि इंग्रजी एक्ससारखं दिसणारं ते ग्रीक 'खी' अक्षर, ख्रिस्तोसचं पहिलं. काढून टाकणं कसलं, तीच त्याची सही.

अवांतर: आपला 'नाताळ' पोर्तुगीज, अर्थ जन्म. 'पाद्री' पण पोर्तुगीज, अर्थ बाप. कॅथलिक उपासनेला म्हणतात तो 'मिस्सा' हा शब्द लॅटिन उपासनेच्या शेवटी 'आता जा' असं सांगणाऱ्या वाक्यातला आहे. म्हणजे अख्ख्या विधीला नाव पडलं ते निरोपावरून.

शब्दवेल्हाळ

हे भारी आहे! आणि अनुवादकांसाठी एक माझ्याकडून. पाचव्या पुस्तकाचं ग्रीक नाव 'देउतेरोनोमियोन', म्हणजे दुसऱ्यांदा सांगितलेलं नियमशास्त्र. मराठी बायबलात त्याचं नाव काय आहे? 'अनुवाद'. आधी वाटलं छपाईची चूक. मग आठवलं, संस्कृतात अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. पंडिता रमाबाईंनी थेट हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं तेव्हा अशा एकेका शब्दाशी त्या किती झुंजल्या असतील, हा विचार आता सारखा येतो.

'मूळ पाप' राहिलं. माझी समजूत होती की आदाम-हव्वेचा शरीरसंबंध हे ते पाप.

खारीचावाटा

नाही. पाप आज्ञाभंगाचं. त्यामुळे माणसाचा स्वभावच बिघडला आणि तो बिघाड प्रत्येकजण जन्मतः घेऊन येतो, ही मांडणी मुख्यतः ऑगस्टीनची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींना ती जशीच्या तशी मान्य नाही. ते म्हणतात वारशाने मृत्यू येतो, अपराध नाही. म्हणून तुमचा तो १८५४ चा सिद्धांतही त्यांना लागत नाही. डागच नाही, तर डागापासून मुक्त काय करणार?

शब्दवेल्हाळ

अग्गं! म्हणजे माझी मूळ चूक इथवर येऊन पोचली. हे एक वाक्य त्या वेळी माहीत असतं तर लाल खूण वाचली असती.

मौनी

फक्त वाचत होतो, आता विचारतो. वाचायचं ठरवलं तर सुरुवात कुठून? उत्पत्तीपासून दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी बुडालो.

टाकबोरू

लेवीयपाशी सगळेच बुडतात. मार्कपासून करा. सोळाच अध्याय, दोन तासांत होतं. भाषा धावती, दर दोन ओळींनी 'लगेच, लगेच'. येशूचे मूळ अरामी शब्दही त्यात तसेच ठेवलेत, मेलेल्या मुलीला उठवताना 'तलिथा कूम', मुली, ऊठ. आणि वधस्तंभावरचं 'एलोई, एलोई'.

अध्याय आणि ओव्यांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत हे ध्यानात असू द्या. अध्याय तेराव्या शतकातले, नव्या कराराच्या ओव्यांचे आकडे १५५१ मधले, पॅरिसच्या एका छपाईवाल्याचे. त्यामुळे आकड्यावर थांबू नका, गोष्ट संपेल तिथे थांबा.

एक ठिकाण सोडून. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर मात्र थांबाच.

मौनी

का?

टाकबोरू

वाचून या, मग बोलू.

मौनी

वाचलं. एका बैठकीत. स्त्रिया कबरेपाशी जातात, धोंड लोटलेली, आत पांढऱ्या कपड्यातला तरुण. तो सांगतो, तो इथे नाही, जाऊन सांगा. आणि त्या पळत सुटतात, कोणाला काहीच सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. माझ्या प्रतीत यापुढच्या ओव्या कंसात आहेत.

टाकबोरू

सिनाई आणि व्हॅटिकनच्या चौथ्या शतकातल्या प्रतींत त्या पुढच्या बारा ओव्या नाहीतच. तिथे मार्क 'भ्याल्या होत्या' पाशीच संपतो. शेवटचं पान हरवलं, की त्याने तिथेच लेखणी ठेवली, यावर अजून भांडतात.

मौनी

मला वाटतं ठेवली.

शब्दवेल्हाळ

मलाही. पण ते कंस कोणी घातले, त्याच्याबद्दल आता वेगळा धागा काढते.